नक्कल, अनुकरण आणि उमज : 'मला उमजलेले बालगंधर्व' या ध्वनिमुद्रिकेविषयी

संगीताची समीक्षा ही लिहिण्याची गोष्ट आहे, असा आपल्याकडे समज आहे. गायकाने गावे, जाणकाराने त्यावर लिहावे आणि रसिकाने दोन्हींचा लाभ घेऊन आपले मत बनवावे, अशी ही कामाची वाटणी आहे. तथापि एखादा गायक दुसऱ्या गायकाविषयी जे सांगावयाचे ते गाऊनच सांगतो, आणि ते इतक्या नेमकेपणाने सांगतो की त्यापुढे लेखी समीक्षा अपुरी वाटावी, असेही क्वचित घडते. पं. कुमार गंधर्व यांची 'मला उमजलेले बालगंधर्व' ही एच.एम.व्ही.ची लाँगप्ले ध्वनिमुद्रिका आम्ही त्या कोटीतील मानतो. बालगंधर्वांनी रंगभूमीवर गाजविलेली पदे कुमारांनी आपल्या गळ्यातून पुन्हा मांडली, हे तिचे वरवरचे वर्णन झाले. आमच्या मते ती बालगंधर्वांवर मराठीत झालेल्या उत्तम समीक्षेपैकी एक आहे, आणि वारसा कसा सांभाळावा या प्रश्नावर तिने दिलेला कौल आजही विचारात घेण्याजोगा आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत १९८० नंतरच्या दशकात बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा असे कारखाने आले आणि पुणे परिसराशी या गावाचे नाते जुळले. कामाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. धार आणि देवास येथील पवारांच्या, तसेच इंदूरच्या होळकरांच्या काळापासून माळव्यात रुजलेला मराठी समाज तर त्याही आधीपासून येथे होता. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही घरांमध्ये नाट्यसंगीत हे मराठीपणाच्या खुणांपैकी एक म्हणून जपले गेले. पण जपणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. इंदूर ओलांडून गेले की लागणाऱ्या देवास गावी, टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका गायकाने तो केला होता.

ध्वनिमुद्रिकेच्या नावापासूनच आरंभ करू. 'बालगंधर्वांची पदे' किंवा 'बालगंधर्वांना आदरांजली' असे नाव सहज देता आले असते. कुमारांनी याच नावाने मैफलीचा कार्यक्रमही केला होता, तेव्हा नाव विचारपूर्वक निवडलेले आहे हे उघड आहे. त्यातील 'उमजलेले' हे क्रियापद महत्त्वाचे. मराठीत आपण 'समजून-उमजून' असा जोड वापरतो, परंतु हे दोन्ही शब्द एकच अर्थ सांगत नाहीत. एखादी गोष्ट दुसऱ्याने आपल्याला समजावून सांगता येते. 'उमजावून सांगितली' असे मात्र कोणी म्हणत नाही. उमज ही ज्याची त्याला, आतून आणि बहुधा उशिरा येते. शिवाय आधी 'मला' हा शब्द आहे. बालगंधर्व असेच आहेत, असा दावा येथे नाही. मला उमजले ते इतके, असे म्हणणे आहे. यात नम्रता आहे, तशीच हिंमतही आहे. एका संपूर्ण पिढीने ज्याला दैवत मानले त्या गायकासंबंधी 'हे माझे वाचन' असे जाहीरपणे म्हणण्यास धैर्य लागते.

हे धैर्य नेमक्या याच गायकाने दाखवावे, यात एक अर्थपूर्ण योगायोग आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. घरची भाषा कन्नड. लहानपणीच हा मुलगा नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊ लागला. तान, हरकत, आवाजाची ठेवण, सारे हुबेहूब. 'कुमार गंधर्व' हे नामाभिधान त्याला त्याच वयात मिळाले, आणि बाराव्या वर्षाच्या आत-बाहेर मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत त्याने जाणकारांना थक्क केले. पुढे प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले. तेथे नाना घराण्यांचे गायन कानावर पडले आणि आपण जे गातो ते का गातो, हा प्रश्न पडू लागला. म्हणजे नकलेची कला ज्याला सर्वांत आधी आणि सर्वांत संपूर्ण साधली होती, त्यानेच पुढे नक्कल नाकारली. न जमणाऱ्या गोष्टीला तुच्छ लेखणारे पुष्कळ असतात. जमत असूनही ती बाजूस सारणाऱ्याचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकावे लागते. तबकडीवरच्या ज्या चित्रात कुत्रा धन्याचा आवाज कान देऊन ऐकत बसला आहे, त्याच चित्राखाली ही ध्वनिमुद्रिका निघाली, याची आम्हांस मौज वाटते.

आता ज्यांच्याविषयी ही उमज आहे त्यांच्याकडे वळू. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व (१८८८–१९६७), यांची पदे आपण 'मूळ' म्हणून ऐकतो. परंतु ती मूळ होती काय? १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, त्यांत पूरबकडील ठुमरी-दादऱ्याचा रंग होता. १९१६ च्या 'स्वयंवर'चे संगीत भास्करबुवा बखले यांचे. तेथे ख्यालगायनातील बंदिशींच्या साच्यात खाडिलकरांची मराठी पदे बसविली गेली. १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'ची पदे वि. सी. गुर्जरांनी लिहिली, आणि त्यांच्या चालींवरही आधीच्या गाण्यांचा ठसा आहे. १९३१ च्या 'कान्होपात्रा'त मास्तर कृष्णरावांनी संतांच्या अभंगांना रंगमंचावर नवे स्वररूप दिले. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो ते स्वतःच एक पुनर्मांडणी होते. बंदिशीचे पद झाले, ठुमरीचे भामिनीचे मनोगत झाले, अभंगाचा नाट्यप्रवेश झाला. बालगंधर्वांनी भास्करबुवांची नक्कल केली नाही. जे शिकले ते रुक्मिणीच्या, सिंधूच्या तोंडी शोभेल असे करून घेतले. कुमारांनी बालगंधर्वांची पदे आपल्यासारखी करून घेतली, तेव्हा त्यांनी परंपरा मोडली नाही. बालगंधर्वांनी जे केले तेच त्यांच्या पदांच्या बाबतीत केले.

दुसरी एक बाब तंत्राची आहे. बालगंधर्वांचा आवाज पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांमधून. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे, तेवढ्यात पद संपवावे लागे. रंगमंचावर तेच पद 'वन्समोअर'च्या गजरात कितीतरी लांबत असे आणि प्रत्येक वेळी नव्याने सजत असे. ज्यांनी प्रत्यक्ष नाटक पाहिले त्यांचे बालगंधर्व वेगळे आणि ज्यांनी केवळ तबकड्या ऐकल्या त्यांचे वेगळे. दुर्दैव असे की अनुकरण करणाऱ्यांनी बहुधा दुसऱ्यांनाच प्रमाण मानले. वेळ संपत आल्यामुळे घाईने घेतलेली एखादी जागादेखील शैलीचे लक्षण म्हणून गिरविली गेली. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश असे. कुमारांपाशी तीन मिनिटांची सक्ती नव्हती. त्या मोकळिकीचा उपयोग त्यांनी पदांचे ख्याल करण्यासाठी केला नाही, हा त्यांचा संयम. पद हे पदच राहते. फक्त त्याला श्वास घेण्यास जागा मिळते.

आणि येथे श्वासाचा उल्लेख केवळ अलंकारिक नाही. १९४८ च्या जानेवारीत कुमार देवासला आले ते क्षयरोगाने जर्जर होऊन. गाणे काही वर्षे बंद राहिले. बरे झाल्यावरही एक फुप्फुस जवळजवळ निकामीच झाले होते. बालगंधर्वांच्या गायनाचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील अखंडता. एक स्वर दुसऱ्यात इतक्या मऊपणे मिसळतो की जोड कोठे आहे ते कळू नये. साथीला ऑर्गन आणि सारंगी, म्हणजे न तुटणाऱ्या स्वरांचीच वाद्ये. लय झोपाळ्यासारखी, आणि शब्द त्या लयीवर अलगद बसलेले. ज्याच्या श्वासाला मर्यादा आहे त्याने ही अखंडता जशीच्या तशी उतरवू पाहिली असती तर केविलवाणे झाले असते. कुमारांनी तो मार्गच घेतला नाही. त्यांची गायकी लहान लहान स्वरवाक्यांची आहे. एखादा स्वर एकदम उजळून टाकावा, लगेच आवाज इतका लहान करावा की ऐकणाऱ्याने पुढे झुकावे, मध्ये थांबावे आणि त्या थांबण्यात तंबोऱ्यांना बोलू द्यावे, ही त्यांची रीत. बालगंधर्व जेथे रेषा ओढतात तेथे कुमार ठिपके मांडतात. ठिपके जोडण्याचे काम ऐकणाऱ्याचे. रेषा आधीपासून ज्याच्या कानात आहे, त्याला ती ठिपक्यांतून पुन्हा दिसते, आणि ती कोठून कोठे जात होती हे कदाचित प्रथमच कळते. ध्वनिमुद्रिकेला आम्ही समीक्षा म्हणतो ते या कारणाने. वेगळे काढून दाखविणे आणि त्यातून संपूर्णाकडे नेणे, हे समीक्षेचेच काम आहे.

याहून महत्त्वाचे असे एक पृथक्करण या ध्वनिमुद्रिकेत घडते. बालगंधर्वांची पदे स्त्रीभूमिकेची आहेत. शालू, दागिने, रंगभूषा, तो चेहरा, ती चाल, ते लाजणे या सर्वांसह ती प्रेक्षकांपुढे आली. त्यांच्या गायनाचे सौंदर्य कोठे संपते आणि रूपाचे कोठे सुरू होते, हे त्या काळच्या प्रेक्षकास सांगता आले नसते, आणि सांगण्याचे कारणही नव्हते. अनुकरण करणाऱ्यांनी नेमका तो लाडिक स्त्रैण भाग उचलला, कारण तो उचलण्यास सर्वांत सोपा. कुमार तो पूर्णपणे वगळतात. रुक्मिणी नाही, सिंधू नाही, रंगमंच नाही, पुढे काय होणार याची उत्कंठाही नाही. उरतो तो स्वर, शब्द आणि लय यांचा संबंध. आणि आश्चर्य असे की आर्तता उणावत नाही. बालगंधर्वांची थोरवी रूपाच्या आधारावर उभी होती, असे म्हणणाऱ्या टीकाकारांना याहून समर्पक उत्तर आमच्या पाहण्यात नाही. आणि ती रूपासकटच जपली पाहिजे, असे म्हणणाऱ्या भक्तांनाही ते तितकेच लागू पडते.

ही ध्वनिमुद्रिका निर्दोष आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नाट्यपद हे नाटकातील एका क्षणाचे अपत्य असते. 'एकच प्याला'तील सिंधूची व्यथा ही एका विशिष्ट घराची, विशिष्ट नवऱ्याच्या व्यसनाची व्यथा आहे. तो संदर्भ काढून घेतल्यावर व्यथा अधिक शुद्ध होते हे खरे, पण थोडी पोरकीही होते. खाडिलकरांची संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेली पदे बालगंधर्वांच्या लयीत न अडखळता वाहतात. कुमारांच्या तुटक स्वरवाक्यांत ती काही ठिकाणी विखुरतात आणि अर्थ मागे राहतो. शिवाय कुमारांचे व्यक्तिमत्त्व इतके प्रखर आहे की मधूनमधून आपण बालगंधर्वांना विसरून कुमारांनाच ऐकू लागतो. यास दोष म्हणावे की उमजेची अटळ किंमत, यावर मतभेद होऊ शकतील. ज्याने बालगंधर्व कधी ऐकलेच नाहीत अशा तरुण श्रोत्याच्या हाती ही एकच ध्वनिमुद्रिका देणे आम्हांस योग्य वाटत नाही. जुन्या तबकड्यांची पुनर्मुद्रणे आधी ऐकावीत, मग ही ऐकावी, आणि नंतर पुन्हा जुनी. तिसऱ्या वेळी जे ऐकू येते ते पहिल्या वेळी आलेले नसते.

दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने गाऊन त्यांची स्वतंत्र तबकडी काढण्याची प्रथा पाश्चात्त्य रॉक संगीतातही आहे. जो कॉकर याने बीटल्सचे एक हलकेफुलके गाणे संथ, विनवणीच्या सुरात गाऊन १९६९ च्या आपल्या पहिल्या तबकडीस त्याचेच नाव दिले. १९७३ च्या ऑक्टोबरात तर ब्रायन फेरी आणि डेव्हिड बोवी या दोघांनीही केवळ इतरांच्या गाण्यांच्या तबकड्या काढल्या. तेथेही वाद हाच होता : हा आदर की उपमर्द? तुलना येथेच थांबवावी लागते. रॉकमधील मूळ गाणे एका ठरावीक ध्वनिमुद्रणाच्या रूपाने सर्वांपुढे असते, त्यामुळे बदल लगेच मोजता येतो. आपल्याकडे बंदिश ही मुळातच पुन्हा गाण्यासाठी असते. तिची एकच एक प्रत नसते. बालगंधर्वांच्या पदांचे मात्र विचित्र झाले. रागसंगीताच्या कुळात जन्मूनही ती भक्तांच्या प्रेमापोटी तबकडीत गोठली आणि 'यापेक्षा वेगळे गाणे म्हणजे चूक' अशी स्थिती आली. कुमारांनी त्या पदांना त्यांच्या कुळात परत नेले. माळव्यातील लोकगीते आणि नाथपंथी, कबीरपंथी भजने यांच्याकडेही ते याच दृष्टीने वळले होते. आजारपणात अंथरुणावर पडून जे लोकस्वर त्यांनी ऐकले त्यांची त्यांनी नक्कल केली नाही. त्यांतून नवे राग शोधले, आणि निर्गुणी भजने अशी गायिली की गावाकडचा भजनी आणि शहरातला रसिक या दोघांनाही ती आपली वाटावीत.

आता आपल्यापुरते. पीथमपुरातील वाचकांस साचा म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. डाय एकदा नीट बसला की प्रेसमधून निघणारा प्रत्येक भाग आधीच्या भागासारखाच निघाला पाहिजे. नाही निघाला तर तो बाद. ध्वनिमुद्रिकाही अशीच तयार होते : मूळ मुद्रणावरून धातूचा साचा, आणि त्या साच्याखाली दाबलेले गरम व्हायनिल. सर्व प्रती सारख्या. वस्तूंच्या बाबतीत हा नियम उत्तमच आहे. परंतु आपल्याकडील गणेशोत्सवांत आणि नाट्यगीतांच्या स्पर्धांत आपण हाच नियम गाणाऱ्या मुलांनाही लावतो. 'हुबेहूब गायिले' ही आपली सर्वांत मोठी शाबासकी. जो मुलगा तबकडीतील जागा जशीच्या तशी घेतो त्याला बक्षीस, आणि ज्याचा गळा किंचित वेगळ्या वाटेने जातो त्याला 'मूळ ऐका' असा उपदेश. शिकण्याच्या पहिल्या पायरीवर नक्कल आवश्यकच आहे. कुमारांचे स्वतःचे बालपण याची साक्ष देते. पण आपण मुलांना त्या पायरीवरच बसवून ठेवतो, आणि मग ती मोठी होऊन नाट्यसंगीताकडे पाठ फिरवतात तेव्हा हिंदी भाषक प्रदेशाला किंवा नव्या करमणुकीला बोल लावतो. ज्या गाण्यात स्वतःचे असे काही म्हणावयास वावच ठेवलेला नाही, त्यात तरुणाने का रमावे, हे आपण विचारीत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला नकलेचा मोह अधिक असतो, हेही समजण्यासारखे आहे. दूर असलेल्याला बदलाचे भय वाटते. जे आहे ते जसेच्या तसे राहिले तरच आपण आपले राहू, असे त्याला वाटते. त्यासाठीच देवासच्या उदाहरणाचे मोल मोठे आहे. कन्नड मातृभाषेचा, माळव्यात घर केलेला गायक मराठी रंगभूमीच्या सर्वांत लाडक्या आवाजासमोर उभा राहिला. तो आवाज आपल्या मालकीचा आहे असा दावा त्याला करता आला नसता, आणि त्याने केलाही नाही. त्याने इतकेच केले की तो आवाज पुरेसा ऐकला, त्यातील सोपे सोडून दिले, कठीण होते ते घेतले, आणि आपल्या मर्यादित श्वासात बसेल अशा रीतीने पुन्हा मांडले. बालगंधर्वांच्या मराठीपणाला त्यामुळे धक्का लागला नाही.

कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे निवर्तले. २०२४ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली, आणि त्या निमित्ताने झालेल्या कार्यक्रमांत त्यांच्या गायकीचे हुबेहूब अनुकरण करणारे आवाजही ऐकू आले. हेही क्रमप्राप्तच. पण या ध्वनिमुद्रिकेची शिकवण कुमारांनाही लागू आहे. पुढील गणेशोत्सवात नाट्यगीतांची स्पर्धा ठरविताना आपल्या मंडळांनी एक लहानसा बदल करून पाहावा, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक स्पर्धकास एक पद परंपरेप्रमाणे गाऊ द्यावे, आणि तेच पद दुसऱ्यांदा त्याला स्वतःला जसे उमजले तसे. परीक्षकांनी गुण द्यावेत ते दुसऱ्या गायनाला, पण पहिले नीट गायिले असेल तरच.